गोसीखुर्दच्या पाण्यावर आउटबोर्ड इंजिन : आठ महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीत मी हे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन विकायला काढलं होतं. तेव्हा फोन करून विचारणाऱ्या दोघातिघांना मी स्पष्ट सांगितलं होतं, की हे घेऊ नका, पैसे पाण्यात जातील, आणि कंपनीच्या सर्व्हिसवर तर भरवसाच ठेवू नका. इंजिनाबद्दलचं ते बोलणं आज मागे घेतो. सर्व्हिसबद्दल जे बोललो, त्यातलं काहीच मागे घेत नाही.

इंजिन ९.९ हॉर्सपॉवरचं, फोर-स्ट्रोक, आखूड शाफ्टचं, दोरी ओढून सुरू होणारं. होडी फायबरची, १६ फुटी, जुनी घेतलेली. बाकीचे आकडे माहितीपत्रकात आहेत, ते इथं परत लिहीत नाही. ऑक्टोबर ते मे मिळून वहीतल्या नोंदीप्रमाणे २१४ तास चाललं.

आम्ही दोघं निवृत्त. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो, ही अंगणवाडीत. आमचं गाव कुही तालुक्यात, वेलतूरच्या बाजूला. हिचं माहेर वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. १९८८ साली धरणाची पायाभरणी झाली, त्यानंतर कितीतरी वर्षं गावात कुणी खरं धरलं नाही. मग पाणी टप्प्याटप्प्यानं चढत आलं आणि गाव उठलं. पुनर्वसनात सिमेंटचं घर मिळालं, पण तिथून नदी दिसत नाही. "एक डाव पान्यावरून तरी जाऊन येऊ जी," एवढं एकच ती वर्षानुवर्षं म्हणत होती. होडी त्यासाठी घेतली. एकदा जाऊन आलो आणि मग थांबवेना. चार दिवसांचा शिधा, छोटा गॅस, ताडपत्री, दोन लाइफ जॅकेट घेऊन निघायचं, दिवसाला दहा-बारा किलोमीटर जायचं आणि दिवस मावळायच्या आत काठाला लागून मुक्काम करायचा. आंभोऱ्याला तर कितीदा गेलो. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोल्हारी अशा पाच नद्या तिथं मिळतात. वर टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे आणि २०२४ मध्ये खुला झालेला केबलचा पूल आता लांबूनच दिसतो. वर भंडाऱ्यापर्यंत, कारध्याच्या घाटाला दोनदा लागलो. खाली पवनीला मात्र होडी जात नाही, ते धरणाच्या पलीकडे आहे. पवनीचे घाट आम्ही एसटीनंच पाहिले.

अशा सावकाश फिरण्यासाठी इंजिन कसं आहे? चांगलं आहे. आवाज बेताचा, दोघांना ओरडून बोलावं लागत नाही. हळू चालवलं तर तासाला दीड-पावणेदोन लिटर पेट्रोल लागतं. पेट्रोल शंभराच्या वर आहे हे लक्षात घेऊन मी कधीच अर्ध्याच्या वर मूठ पिरगाळली नाही. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलचं एक लक्षात ठेवा. ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून टाकीत महिना-महिना ठेवू नका. फिरून आलं की पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवून बंद करा. दोरीच्या स्टार्टबद्दल मला पस्तावा आहे. बटण-स्टार्टचे जास्तीचे पैसे वाचवले, पण हिला दोरी ओढणं जमत नाही. मला पाण्यावर काही झालं तर तिनं काय करायचं, हा विचार घेतानाच करायला हवा होता.

आता मुख्य गोष्ट. या इंजिनाचं, खरं तर अशा सगळ्याच इंजिनांचं नशीब एका रबरी चाकावर असतं. त्याला इम्पेलर म्हणतात. पंख्याच्या वरच्या भागात जाळीदार फटी असतात, तिथून नदीचं पाणी आत येतं. हे सहा पाकळ्यांचं चाक ते पाणी वर ढकलतं आणि त्यानं इंजिन थंड राहतं. चाकाला वंगणही त्या पाण्याचंच. पाणी थांबलं की मिनिटा-दोन मिनिटांत रबर जळायला लागतं. पाणी फिरतंय की नाही हे मागून पडणाऱ्या बारीक धारेवरून कळतं.

समुद्रावर हे ठीक असेल. आपल्याकडे जलपर्णी आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येतं. तेच खाऊन ही वनस्पती फोफावते. सकाळी मोकळं दिसलेलं पाणी दुपारच्या वाऱ्यानं हिरवं होऊन जातं, वावरासारखं. तिची मुळं काळी, केसाळ, हातभर लोंबणारी. तीच त्या फटींवर जाऊन बसतात.

डिसेंबरात आंभोऱ्याच्या अलीकडे धार बंद झाली. मी गप्पांत होतो, लक्ष नव्हतं. इंजिन तापल्याची शिट्टी वाजली, इंजिन आपोआप मंदावलं. बांबूनं रेटत काठ गाठला. इंजिन शेकडो किलोमीटर लांब सर्व्हिस सेंटरला पाठवलं. त्यांनी "कचरा अडकल्याने बिघाड, वॉरंटीत बसत नाही" असं लिहून, नवं चाक घालून ४,६०० रुपये घेतले. मी दिले. चूक माझी होती, मी पाण्याकडे बघत नव्हतो.

पण फेब्रुवारीत, अगदी स्वच्छ पाण्यात, चक्रवाकांचा थवा बघत उभे असताना परत शिट्टी. या वेळी धार होती, पण करंगळीएवढीसुद्धा नाही, दोऱ्याएवढी. सर्व्हिस सेंटरला फोन लावला. "तुमच्याकडे पाणीच खराब आहे, सर," एवढंच उत्तर. इंजिन परत पाठवा, तपासणीचे वेगळे पैसे, वाहतूक तुमची. मी बिल काढून वाचून दाखवलं, दोन महिन्यांत दोनदा कसं तापतं ते विचारलं. पलीकडून फोन ठेवला गेला. तीन दिवस मी जेवणात लक्ष दिलं नाही, ही चिडली. तेव्हाच विकायचं ठरवलं होतं.

ते इंजिन वाचवलं कुहीतल्या शेतीपंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं. आउटबोर्ड त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. गोठ्यासमोर खुंट्यावर इंजिन टांगलं आणि त्यानं एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, जुन्या चाकाचे तुकडे भेटले का तुम्हाले?" सर्व्हिसवाल्यांनी जुनं चाक पिशवीत घालून परत दिलं होतं. आम्ही ते पेपरवर ठेवलं. सहातल्या दोन पाकळ्या मुळापासून गायब, तिसरीचं टोक नाही. मिस्त्री म्हणाला, "हे गेले कुठं? हवेत थोडीच उडले. पाइपात असन." खालचा भाग सोडवला, पाण्याची उभी नळी काढली, बांधायच्या तारेचा आकडा करून आत फिरवला. काळ्या रबराचा एक तुकडा बाहेर आला, तुरीच्या शेंगेएवढा, एका कडेनं वितळून चकाकणारा. दुसरा थर्मोस्टॅटजवळ, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेजवळ निघाला. तिसरा, टोकाचा, तासभर शोधला आणि मग ड्रममध्ये इंजिन चालवताना धारेबरोबर स्वतःच बाहेर पडला. ही तिथंच बसून गहू निवडत होती, तिनं तो मातीतून उचलला आणि पेपरवर ठेवला. सहा पाकळ्या पूर्ण झाल्या. त्यानंतर धार अशी सुटली की ड्रमच्या बाहेर पाणी.

मिस्त्रीनं ३०० रुपये घेतले. ४,६०० रुपये घेणाऱ्यांनी नवं चाक बसवलं, पण तुटलेले तुकडे मोजले नाहीत. शेतीपंप उघडणाऱ्याला जे पहिल्या मिनिटाला सुचलं ते कंपनीच्या माणसाला सुचू नये, याचा राग अजून जात नाही.

त्या दिवशी मी स्वतः शिकून घेतलं. खालच्या भागाचे बोल्ट, गिअरची दांडी सोडवायची, पंपाचं झाकण काढायचं. नवं चाक साबणाच्या पाण्यात भिजवून, पंप फिरतो त्याच दिशेनं फिरवत आत सरकवायचं, म्हणजे पाकळ्या बरोबर वळतात. ग्रीस नको. पहिल्यांदा पावणेतीन तास लागले, आता पन्नास मिनिटं. जादाची चाकं मागवून डब्यात ठेवली आहेत.

फटींवर जाळी बांधायचा प्रयोगही केला, नायलॉनची. करू नका. मुळं जाळीवर चिकटतात आणि फटीपेक्षा लवकर पाणी बंद होतं. उपयोगी पडलं ते वेगळंच. जलपर्णीचा पट्टा दिसला की इंजिन बंद, उचलून वर, आणि बांबू हातात. मासे धरणारे ढिवर लोक त्यांचे डोंगे असेच नेतात. त्यांच्या जाळ्यांचे बाटल्यांचे तरंडेही असंच संथ गेलं तरच वेळेवर दिसतात. आणि मागे बसून धारेकडे बघण्याचं काम हिनं घेतलं. "धार बारीक झाली जी," असं ती म्हणाली की मी काही न विचारता मूठ सोडतो. मार्चपासून एकदाही शिट्टी वाजलेली नाही.

मेमध्ये पाणी खूप उतरलं तेव्हा हिच्या गावावर गेलो. इंजिन उचललेलं, बांबूनं चाललो होतो, म्हणून पंखा वाचला, कारण खाली विहिरीचा काठ हाताच्या अंतरावर होता. वाळलेल्या चिंचेच्या खोडाला होडी बांधली. हिनं पाण्यात हात घालून काठाचा दगड चाचपला आणि म्हणाली, "हे पाय ठेवाचं." पाणी ओढताना जिथं पाय टेकायचे ती घासलेली खाच. मी पण हात घातला. खाच होती. तासभर तिथं थांबलो. पाण्याखालच्या गावांवरून जायचं असेल तर इंजिन उचलून बांबूनंच जा, एवढं मात्र नक्की सांगतो.

आता पावसाळा लागला. ऑगस्ट २०२० चा भंडाऱ्याचा पूर आम्ही विसरलेलो नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर होडी काठावर उलटी. इंजिन स्वच्छ पाण्यात चालवून, ऑइल बदलून, गोठ्यात उभं टांगलंय. चाक काढून ठेवलंय, नाहीतर चार महिने एकाच जागी दबून पाकळ्या वाकड्या राहतात.

सर्व्हिस सेंटरला तुकड्यांचे फोटो, मिस्त्रीची पावती आणि त्यांचं बिल लावून रजिस्टर पोस्टानं तीन पत्रं पाठवली. ४,६०० रुपये परत मागितलेत. दोन पत्रांची पोचपावती आली आहे, उत्तर एकाचंही नाही. तिसऱ्याची वाट बघतोय.