एक के की दहा के (किलोओहम)? बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे तो चालू करणाऱ्या पायाला, कोणता रेझिस्टर लावू?

सातपूरला राहणारा भाचा द्राक्षबागेतल्या ठिबकच्या व्हॉल्व्हसाठी रिलेचं (कॉइलने ओढला जाणारा स्विच) सर्किट करतोय आणि रेझिस्टरवर अडलाय. किमतीचा प्रश्नच नाही, दोन्ही पैशांत मिळतात.

खरा मुद्दा करंटचा. कंट्रोलरच्या ५ व्होल्टच्या पिनमधून ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमध्ये पडणारे ०.७ वजा केले की उरतात ४.३. म्हणजे १ के ला ४.३ मिलिअँपिअर, १० के ला जेमतेम ०.४३. त्याच्या रिलेची कॉइल ७० ओढते. डेटाशीटमधला किमान ११० चा गेन (बेसच्या करंटच्या किती पट करंट ट्रान्झिस्टर वाहू देतो ते) धरला तरी १० के वर ४७ च्या आसपासच हमी. नग चांगला निघाला तर रिले ओढेलही, पण ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून तापेल. स्विचसाठी गेन १० ते २० च धरावा. १ के तिथे नेमका बसतो.

बॅटरी वाचवायला १० के? कॉइल ७० खात असताना चार वाचवून काय मिळणार, बाबा!

नुसता ५-१० मिलिअँपिअरचा एलईडी असेल तर १० के खुशाल लाव. रिलेला १ के, आणि पिन ३.३ व्होल्टची असेल तर ४७० ओहम. कॉइलवर उलटा डायोड (रिले बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका जिरवायला) मात्र विसरू नकोस.