गेमिंगसाठी महागडा पीसी की प्लेस्टेशन ५?

धाकटा मामेभाऊ पहिल्या पगारातून गेमिंगचं काहीतरी घ्यायचं म्हणतोय आणि पीसी की पीएस५ यात अडकलाय. जाहिराती बाजूला ठेवून बघू.

खर्चात तुलनाच नाही. आरटीएक्स ५०९० हे एकटं ग्राफिक्स कार्ड (पीसीत गेमची दृश्यं तयार करणारा भाग) भारतात २ लाख १४ हजारांना जाहीर झालं, म्हणजे पीएस५ च्या कितीतरी पट. वर ते ५७५ वॅटपर्यंत वीज खातं. अख्खा पीएस५ साधारण २०० वॅटमध्ये भागवतो.

पण पुढचा हिशोबही मांडायला हवा. पीएस५ वर विकतचे बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला वर्गणी लागते, पीसीवर सहसा नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये जुने गेम अगदी स्वस्त मिळतात. उलट डिस्कवाला पीएस५ असेल तर खेळून झालेली डिस्क विकता येते, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते.

टिकाऊपणात पीसी पुढे: रॅम, कार्ड हवं तेव्हा बदला. मात्र ड्रायव्हर (कार्ड वगैरे चालवणारं सॉफ्टवेअर), सेटिंग्ज यांत कित्येक संध्याकाळी वाया जातात. आणि जीटीए ५ हा गेम पीसीवर यायला प्लेस्टेशनसारख्या कन्सोलनंतर दीड वर्ष लागलं होतं.

व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी किंवा मॉड्सचं (गेममध्ये खेळाडूंनीच केलेल्या बदलांचं) वेड असेल तर पीसी घे, तोही मधल्या दर्जाच्या कार्डाचा. कामावरून येऊन तासभर खेळायचं असेल, तर पीएस५ च घे.