संदर्भवचनांचं बायबल आणि दोनशे पानी वही : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वर्षाचं वचन, म्हणजे वर्षभरासाठी बायबलमधलं एक वाक्य, काढतात. ताटात कार्डं उलटी ठेवलेली असतात, एकेक जण पुढे येऊन उचलतो. या वर्षी माझ्या हाती ईयोब ८:७ आलं, म्हणजे ईयोबाच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायाचं सातवं वचन. तुझा आरंभ लहान असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल, अशा अर्थाचं. आईने ते फ्रिजवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सहज म्हणून मी त्याच्या मागचं-पुढचं वाचलं आणि थबकले. हे वाक्य देवाचं नव्हतंच. ते बिल्ददाचं होतं, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या तीन मित्रांपैकी एकाचं. त्याच्या तीनच वचनं आधी, आठव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात, तो दहा मुलं गमावलेल्या बापाला सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं म्हणून ती गेली.

त्या आठवड्यातच मी हे बायबल घेतलं. मराठी, बाजूच्या रकान्यात संदर्भवचनं (त्या वचनाशी जुळणाऱ्या बायबलमधल्या इतर वचनांचे आकडे), मागे शब्दसूची आणि नकाशे. सोबत एक दोनशे पानी वही. आता नऊ महिने झाले, रोज वापरते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी वस्तूबद्दल. बांधणी मजबूत आहे, मधोमध उघडं ठेवलं तरी पानं सुटत नाहीत. कागद मात्र इतका पातळ की मागची अक्षरं दिसतात, पेनाने खूण केली की शाई पलीकडे उमटते. पेन्सिलच वापरावी लागते. संदर्भांचा रकाना फार बारीक अक्षरांत आहे, संध्याकाळी दिव्याखाली मला चष्मा लावूनही त्रास होतो. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं वाचणार असतील त्यांनी मोठ्या अक्षरांची प्रत बघावी. नकाशे चांगले आहेत, पण मी ते फार उघडले नाहीत.

पहिलं काम मी ईयोबाचं पुस्तक आरंभापासून शेवटापर्यंत वाचण्याचं केलं. बेचाळीस अध्याय. वहीत प्रत्येक अध्यायाला एक ओळ ठेवली : कोण बोलतंय, कोणाला, कशाच्या उत्तरादाखल. शेवटच्या अध्यायात, ४२:७ मध्ये, देव अलीफजाला, त्या तिघांपैकी दुसऱ्या एकाला, सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. मग माझ्या कार्डाचं काय? मला वाटलं, प्रकरण मिटलं, ते वचन टाकून द्यावं. पण पाचच वचनांनी पुढे, ४२:१२ मध्ये, परमेश्वर ईयोबाची शेवटची स्थिती पहिलीपेक्षा खरोखरच भरभराटीची करतो. म्हणजे बिल्ददाचं वाक्य खरं ठरलं आणि त्यामागचा हिशेब खोटा ठरला. शिवाय रकान्यात ५:१३ समोर १ करिंथ ३:१९ चा संदर्भ दिसला. तिथे प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलच्या नव्या करारात आहेत, अलीफजाचंच वाक्य मान्य करून वापरतो. त्यामुळे ‘मित्रांचं बोलणं सगळं चूक’ असा सोपा नियमही करता येत नाही. एका कार्डावरच्या ओळीसाठी मला तीन आठवडे लागले, आणि ते सार्थकी लागले असं मी म्हणेन.

मार्चमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. घरी आणल्यावर माणसं प्रार्थनेला येत होती, त्याचा फार आधार होता. एका संध्याकाळी बाहेरगावचे एक प्रचारक आले. त्यांनी यशया ५३:५ वाचलं, त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झालं. मग बाबांच्या समोरच म्हणाले, विश्वास पूर्ण असता तर आतापर्यंत उठून चालले असते. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला उत्तर सुचलं नाही. वडीलधाऱ्या माणसाला, तेही घरी आलेल्या, उलट बोलायची आमच्याकडे रीत नाही.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. यशयाच्या त्या वचनात अपराध आणि दुष्कर्म हे शब्द आरोग्याच्या आधी येतात. रकान्याने मला १ पेत्र २:२४ वर नेलं. तिथे पेत्र हेच शब्द पापाला मरून नीतिमत्त्वाने जगण्याविषयी वापरतो, आणि ते लिहितो कोणाला, तर विनाकारण मार खाणाऱ्या चाकरांना. तिथेच थांबले असते तर मी म्हटलं असतं की या अध्यायाचा शरीराच्या आजाराशी संबंधच नाही. पण दुसरा संदर्भ मत्तय ८:१७ चा होता. येशूने संध्याकाळी पुष्कळ दुखणाइतांना बरं केलं, त्या प्रसंगी मत्तय याच अध्यायातलं चौथं वचन आठवतो. तेव्हा आजाराचाही संबंध आहे. बाबांसाठी बरं होण्याची प्रार्थना करणं अगदी शास्त्राला धरून आहे. पण दोन्ही ठिकाणी आजारी माणसाला कोणी दोष देत नाही.

मग एकातून एक निघत गेलं. पौलाने आपल्या सोबतच्या त्रफिमाला मिलेत येथे आजारी सोडलं, २ तीमथ्य ४:२०. तीमथ्याला पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, १ तीमथ्य ५:२३. एपफ्रदीत मरता मरता वाचला, फिलिप्पै २:२७, आणि पौल ती देवाची दया म्हणतो. यांच्यापैकी कोणालाही पौल ‘तुझा विश्वास कमी’ असं म्हणत नाही. याकोब ५ मध्ये विश्वासाच्या प्रार्थनेने दुखणाईत वाचेल असं आहे, ते मी टाळलं नाही. नीट वाचलं तर प्रार्थना करायला तिथे मंडळीचे वडील, म्हणजे चर्चची पुढारी माणसं, बोलावलेली आहेत. विश्वासाची प्रार्थना अंथरुणाभोवती उभ्या असलेल्यांनी करायची आहे.

सकाळी चहाच्या वेळी हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. तिने मला त्रफिमाचं वचन पुन्हा वाचायला लावलं. “पौलाजवळ असूनही?” एवढंच म्हणाली.

ईयोबाच्या मित्रांबद्दल एक गोष्ट मला तेव्हा उमगली. २:१३ मध्ये ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. त्यांनी चांगलं केलं ते एवढंच, आणि ते खरोखर चांगलं होतं.

आता तक्रारी, कारण त्या गंभीर आहेत. संदर्भवचनं पुष्कळदा नुसत्या शब्दावरून जोडलेली आहेत. दोन ठिकाणी ‘दार’ आहे म्हणून दोन्ही जोडली, असं. नवखा वाचक समजेल की एका दाराने दुसऱ्याचा अर्थ लागतो. दुसरी तक्रार मथळ्यांची. मथळे संपादकांनी घातलेले असतात, मूळ लिखाणात नसतात, पण जाड अक्षरांमुळे तेच आधी मनात बसतात. माझ्या प्रतीत इफिसकरांस ५:२१ नंतर मथळा येतो आणि ५:२२ पासून ‘स्त्रियांनो’ सुरू होतं. पण २१ मध्ये ‘एकमेकांच्या अधीन असा’ असं आहे, आणि अगदी जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत २२ व्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते २१ मधून घ्यावं लागतं. मथळ्याने वाक्य मधोमध तोडलं आहे. भगिनी मंडळात मी हे दाखवलं तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, चाळीस वर्षं मला अर्धंच ऐकवलं.

अध्यायांचे आकडेसुद्धा नंतरचेच. अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मगुरूंनी पाडले, नव्या कराराची आजची वचनं १५५१ मध्ये रॉबेअर एस्तिएन या मुद्रकाने. शोधायला त्यांची फार सोय होते, मीही इथे तीच वापरते आहे. पण पौलाने आकडे घालून पत्र लिहिलं नव्हतं. म्हणून मी पत्रं आता एका बैठकीत मोठ्याने वाचते. फिलिप्पैकरांस पत्राला वीस मिनिटंही लागत नाहीत. तसं वाचल्यावर ४:१३, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो, हे बेड्यांत असलेल्या माणसाचं वाक्य आहे हे विसरता येत नाही. त्याच्या लगेच आधी तो उपाशी राहायला आणि पोटभर खायला, दोन्ही शिकलो असं सांगतो. भाचा हे वचन परीक्षेच्या पॅडवर लिहितो. लिहू दे, पण नापास झालेल्या दिवसासाठीही ते आहे हे मी त्याला सांगितलं.

आमच्याकडे उपासना हिंदीत होते, घरी बायबल मराठी. आजोबा अहमदनगरकडून इंदूरला आले तेव्हापासून हे असंच आहे. लहानपणी मला ही अडचण वाटायची. आता अडलेलं वचन मी दोन्ही भाषांत वाचते, आणि जिथे ती वेगळी बोलतात तिथे थांबते. भाषांतर करताना कोणाला तरी तिथे निर्णय घ्यावा लागला आहे, हे त्यावरून कळतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं, त्यात आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. त्या श्रमांची किंमत मला आता थोडी कळते.

एकच धास्ती मला होती, अशा वाचनाने भक्ती कोरडी होईल ही. यिर्मया २९:११ चं मला विशेष भय होतं, कारण हिताचे संकल्प आणि आशा हे आईचं आवडतं वचन. ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटकेचं भविष्य सांगतो आणि तो खोटा ठरतो. यिर्मया सत्तर वर्षं म्हणतो. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करा. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. मी आईला भीत भीतच हे सांगितलं. ती म्हणाली, मग तर हे वचन आमच्यासारख्यांचंच आहे. आम्ही बंदिवान नाही, ते पत्र आमच्या नावचं नाही, हे तिलाही कळतं. पण ज्याने ते पाठवलं त्याचा स्वभाव त्यातून दिसतो, आणि तो धरायला हरकत नाही. बाबांचा हात अजून पूर्ण हलत नाही. ती रोज सकाळी त्यांच्याकडून बोटांचा व्यायाम करून घेते आणि ते वचन म्हणते.

या डिसेंबरची कार्डं लिहायचं काम मी पाळकसाहेबांकडून मागून घेतलं आहे. प्रत्येक कार्डाच्या मागे एक ओळ येणार : हे कोण, कोणाला, केव्हा म्हणालं. एकशे वीस हवीत, आतापर्यंत एकेचाळीस झाली. ईयोब ८:७ मी अजून बाजूला ठेवलं आहे. त्याच्यामागे एका ओळीत काय लिहावं ते ठरत नाही.