पीपीएफ खातं: पोटाला चिमटा काढणाऱ्यांसाठी रिव्ह्यू (4 स्टार)

पीपीएफ (पब्लिक प्रॉव्हिडंट फंड, सरकारची लांब पल्ल्याची बचत योजना) मस्तच आहे, त्यात वाद नाही, पण पोटाला चिमटा काढून पीपीएफ भरला की म्हातारपणी पैसाच पैसा हे जे आपल्याकडे घरोघरी डोक्यात बसलंय ना ते आता अर्धंच खरं राहिलंय.

आधी चांगलं सांगतो. वर्षाला कमीत कमी 500, जास्तीत जास्त दीड लाख, 15 वर्षं लॉक, व्याज टॅक्स फ्री, आणि उद्या कर्ज थकलं तरी कोर्टाकडून ह्यावर जप्ती येत नाही. दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला दीड लाख टाकत गेलात तर 7.1 टक्क्यांनी शेवटी 40 लाख 68 हजारांच्या आसपास होतात, त्यातले आपले साडेबावीस. मधेच सहज काढता येत नाहीत हा तर मला मोठा फायदाच वाटतो, नाहीतर दिवाळी आली की नवा टीव्ही आलाच.

आता आमचे मामा. पक्के चिक्कू (प्रेमाने म्हणतोय). दुधाच्या पिशव्या धुवून दोरीवर वाळत घालणार, साठल्या की भंगारवाल्याला विकणार, कोथिंबीर घ्यायला रात्री जाणार कारण भाजीवाला उठायच्या टायमाला स्वस्तात देतो. "आम्ही असंच घर उभं केलं" हे ठरलेलं वाक्य. केलंही, पण तेव्हा व्याज किती होतं बघा की, 1986 पासून 2000 च्या जानेवारीपर्यंत तब्बल 12 टक्के! 6 वर्षांत पैसे जवळपास डबल, आता त्याला 10 वर्षं लागतात. महागाई तेव्हाही होती, मान्य.

आणि हेच मामा पीपीएफ भरतात कधी, तर 31 मार्चला धावतपळत. व्याज महिन्याच्या 5 तारखेनंतरच्या सगळ्यात कमी बॅलन्सवर धरतात, म्हणजे 5 एप्रिलच्या आत टाकले असते तर दीड लाखावर त्या वर्षाचे 10,650 मिळाले असते, ते गेले. तेवढ्याच्या पिशव्या विकायला किती जन्म लागतील काय माहित. मेडिक्लेमही हप्ता "फुकट जातो" म्हणून कधी घेतला नाही, मग अँजिओप्लास्टीला एफडी मोडली.

रोजचा 20 रुपयांचा चहा सोडलात तर वर्षाचे 7,300, ते सगळे पीपीएफमधे टाकले तर 15 वर्षांनी जेमतेम दोन लाख, आणि तेव्हाच्या दोन लाखांत काय येणार ते तुम्हीच ठरवा. मी तरी चहा पितो. पगार झाला की 1 तारखेला 12,500 आपोआप जातील असं लावून टाकलंय आणि उरलेल्यात बिनधास्त जगतो, ज्याला तेवढे जमत नाहीत त्याने दोन हजार लावा पण भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी भांडण्यापेक्षा तो वेळ चार पैसे जास्त मिळतील अशा कामात घाला.

खातं बँकेत उघडलं तर ऑनलाइन भरता येतं, फक्त आमच्या शाखेत पासबुकाचं मशीन कायम बंद आणि काउंटरवर "नंतर या". एक स्टार मात्र कापला तो व्याजासाठी, एप्रिल 2020 पासून 7.1 वरच अडकलंय. 18 वर्षांखालच्या मुलाच्या नावाने दुसरं उघडायचा विचार असेल तर लिमिट डबल होत नाही हं, तुमचं आणि त्याचं मिळून दीड लाखच.