सरकारी शाळेत धर्म कुठवर : फ्रान्सची रीत की अमेरिकेची?

सरकारी शाळेने धर्माला किती जागा द्यावी, या पेचात पडलेल्या एका शिक्षकमित्रासाठी ही तुलना. विद्यार्थ्याच्या मोकळिकीत अमेरिका सरस ठरते : शाळेने प्रार्थना घडवून आणणे तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या निकालापासून घटनाबाह्य असले, तरी जेवणाआधी एखाद्या मुलाने स्वतःहून डोळे मिटून हात जोडले, तर त्याला कोणी अडवत नाही. फ्रान्समध्ये मात्र २००४ च्या कायद्यामुळे हिजाब, यहुदी टोपी आणि मोठा क्रूस फाटकाबाहेरच उतरवावा लागतो. मला हे जाचक वाटते. अंमलबजावणीला फ्रेंच नियम सोपा, कारण अमेरिकेत सीमारेषा खटल्यागणिक सरकते; २०२२ मध्ये सरकारी शाळेतल्या एका फुटबॉल प्रशिक्षकाच्या मैदानावरील वैयक्तिक प्रार्थनेलाही संरक्षण मिळाले. वर्गात एकसारखेपणा हवा असेल, त्यांना फ्रेंच वाट मानवेल. मुलाची श्रद्धा जपण्यासाठी कोर्टकचेऱ्या सोसायची तयारी असेल, त्यांना अमेरिकन.