मोफत विधी सेवा: ज्याला पत्ताच नाही त्याच्या किती उपयोगाची?

माझे झेरॉक्सचे दुकान एसटी स्थानकासमोर आहे आणि त्याच्या पायरीवर गेली काही वर्षे साठी उलटलेले एक गृहस्थ झोपतात. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री दोघा तरुणांनी जागा खाली करण्यावरून त्यांना दांडक्याने मारले, त्यात त्यांचे डावे मनगट मोडले, आणि ‘पोलिसात गेलास तर पुन्हा येऊ’ असे बजावून ते निघून गेले. त्यानंतर गरजूंना मोफत वकील देणाऱ्या आमच्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाची सेवा आम्ही घेतली, तिचा हा अनुभव आहे. या सेवेची पाटी आणि १५१०० हा मदत क्रमांक पुष्कळांनी पाहिलेला असतो, पण ती वापरलेला माणूस सहसा भेटत नाही.

काका मुळात तक्रारीलाच तयार नव्हते. मारणाऱ्यांपेक्षा त्यांना धास्ती होती ती ‘भिकारी पकड’ मोहिमेची, आणि ती उगाच नव्हती. आपल्याकडचा १९५९चा भिक्षा प्रतिबंधक कायदा पोलिसांना वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार देतो, आणि उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणारा माणूसही त्याच्या व्याख्येत बसू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी याच कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. तरीही पोलीस ठाण्यात जाऊन आलो, तेव्हा हाती आली ती अदखलपात्र नोंदीची, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस जिचा तपास करत नाहीत अशा एन.सी.ची पावती, आणि तिच्यावर पत्त्याच्या रकान्यात एकच शब्द होता: फिरस्ता.

विधी सेवेचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे. तिथे पहिली अडचण आली ती पात्रतेची. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतील माणसे यांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. बेघर माणसाचे मात्र त्या यादीत वेगळे नाव नाही, त्यामुळे काकांना उत्पन्नमर्यादेच्या दारानेच आत जावे लागले. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. ज्याची मिळकत म्हणजे बाजारच्या दिवशी हमालीचे मिळतील तेवढे पैसे, त्याच्याकडे खिडकीवर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागितला गेला, आणि त्या दाखल्यासाठी पुन्हा राहण्याचा पुरावा हवा. आम्ही परत फिरणार एवढ्यात तिथे बसलेल्या विधी स्वयंसेवक बाईंनी, ‘बाबा, थांबा जरा,’ म्हणून काकांना खुर्ची दिली आणि लिपिकाला कलम १३ दाखवले. उत्पन्नाबद्दल अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र, अविश्वासाला कारण नसेल तर, पुरेसे मानता येते, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. प्रतिज्ञापत्रावर काकांनी उजव्या हाताने, कापऱ्या अक्षरात सही केली. या कार्यालयाला मी जे गुण देणार आहे, त्यांतले निम्मे या बाईंचे आहेत.

नेमून मिळालेले वकील तरुण होते आणि त्यांनी आधी कागद पाहिले. दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले सरकारी रुग्णालयाचे केसपेपर आणि एक्स-रे खिडकीकडे धरून त्यांनी विचारले की, हाड मोडले असताना एन.सी. कशी? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अस्थिभंग ही गंभीर दुखापत आहे. कलम ११७ प्रमाणे तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. त्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज दिला. दहाव्या दिवशी गुन्हा नोंदला गेला आणि प्रथम खबरीची प्रत कायद्याप्रमाणे विनामूल्य मिळाली. आमचा एकूण खर्च दोन रिक्षांच्या भाड्याचा, झेरॉक्स माझ्याच.

पत्ता म्हणून वकिलांनी ‘द्वारा’ लिहून माझे दुकान दिले. हे ठीक झाले, पण दुकानदार नसता तर? निवडणूक आयोगाला हे कोडे सुटले आहे: बेघर मतदार जिथे झोपतो तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन खात्री करतो आणि निवासाचा कागद मागत नाही. अर्जाच्या रकान्यातही ‘झोपण्याची जागा’ चालायला हरकत नसावी.

सेवा खऱ्या अर्थाने अपुरी पडली ती धमकीच्या बाबतीत. गुन्हा नोंदल्यावर तेच दोघे दुकानापुढून दोनदा चकरा मारून गेले, तेव्हा वकिलांनी २०१८च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येईल असे सांगितले. त्या योजनेतले उपाय वाचून मला हसावे की रडावे ते कळेना: साक्षीदाराच्या घराभोवती गस्त, घराला कॅमेरे, भक्कम दारे, कुंपण. पायरीला कुंपण कुठून घालणार? रात्रनिवाऱ्यात जा म्हणावे, तर लाख लोकवस्तीमागे एक, तोही चोवीस तास उघडा, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगून बरीच वर्षे झाली असली, तरी आमच्या गावचा निवारा सकाळी कुलूपबंद होतो. तूर्त काका माझ्या शटरच्या आत झोपतात.

वकिलाच्या कामाला मी पाचपैकी साडेचार देईन, खिडकीवरच्या कारभाराला दोन, आणि संरक्षणाला गुण देण्याजोगे काही मिळालेच नाही. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तो निरोप माझ्या मोबाइलवर येणार असल्याने काका रोज सकाळी शटर वर जाताच ‘आला का?’ एवढेच विचारतात. कुणाला असे जावे लागले तर रुग्णालयाचे केसपेपर आणि एक्स-रे मुळातले न्यावेत, दाखल्यासाठी तहसील कचेरीची पायपीट करण्याआधी प्रतिज्ञापत्राचे विचारावे, आणि खिडकीवर बोलण्यापूर्वी आज विधी स्वयंसेवक कोण बसले आहे याची चौकशी करावी.