पाच पात्रे, चार क्लास: डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या स्टार्टर सेटचे परीक्षण

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा कथाखेळ. विझर्ड्स ऑफ द कोस्टने २०१४ साली प्रकाशित केलेल्या त्याच्या या संचात ३२ पानांची नियमपुस्तिका, ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ ही ६४ पानांची मोहीम, सहा फासे आणि पाच तयार पात्रांचे कागद मिळतात. त्यांपैकी दोन पात्रांचा क्लास, म्हणजे पात्राची कसबे ठरवणारा प्रकार, फायटर (योद्धा) आहे. क्लेरिक (धर्मोपासक), रोग (इंग्रजी rogue, म्हणजे चोरटा) आणि विझार्ड (जादूगार) प्रत्येकी एक. त्याच वर्षीच्या प्लेयर्स हँडबुकमध्ये बारा क्लास असल्यामुळे ही निवड तोकडी वाटू शकते. तथापि नवख्या मंडळींच्या पहिल्या बैठकीत क्लास म्हणजे काय हे समजण्यासाठी हे चारच पुरेसे आहेत, किंबहुना बारा समोर आले असते तर काहीच समजले नसते.

मोहिमेची सुरुवात रस्त्यावर दबा धरून बसलेल्या चार गॉब्लिनांच्या (खुज्या राक्षसांच्या) हल्ल्याने होते आणि क्लासचा पहिला धडा तिथेच मिळतो. विझार्डजवळ पहिल्या लेव्हलला (पात्राच्या प्रगतीच्या पहिल्या पायरीवर) स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याच्या संधी, दोनच असतात. त्यांतला एक ‘स्लीप’ या झोपवणाऱ्या मंत्रावर खर्च केल्यास पाच आठबाजू फाशांची बेरीज, म्हणजे सरासरी साडेबावीस हिट पॉइंट (मार सोसण्याची क्षमता) भरतील इतके शत्रू झोपतात, एका गॉब्लिनचे हिट पॉइंट सात असल्याने तिघे एका फटक्यात आडवे होऊ शकतात. साहजिकच टेबलावरील सर्वांना विझार्ड हा सर्वांत बलवान क्लास वाटू लागतो. पुढे गुहेत क्लार्ग नावाचा बगबेअर (गॉब्लिनांहून धिप्पाड राक्षस) भेटतो, तेव्हा हे मत टिकत नाही. त्याचे हिट पॉइंट २७ असतात, शिवाय हा मंत्र सर्वांत कमी हिट पॉइंट असलेल्यापासून लागू होत जातो, त्यामुळे क्लार्गभोवतीचे गॉब्लिन आणि लांडगाच तो मंत्र पिऊन टाकतात. फायटरने आधी कुऱ्हाडीचे घाव घालून क्लार्गला खिळखिळा केले नसेल, तर विझार्डचा उरलेला स्लॉट त्याच्यावर वाया गेल्यातच जमा.

म्हणजे हे क्लास शस्त्र आणि मंत्र यांवरून जितके वेगळे ठरतात, त्याहून अधिक ते आपले बळ कधी आणि किती वेळा खर्च करू शकतात यावरून ठरतात. फायटरचा ‘सेकंड विंड’ (स्वतःचे काही हिट पॉइंट परत मिळवण्याची सोय) तासाभराच्या विश्रांतीनंतर पुन्हा वापरता येतो. क्लेरिकचे स्लॉट मात्र रात्रभराच्या विश्रांतीशिवाय परत येत नाहीत, आणि विझार्डला ‘आर्केन रिकव्हरी’मुळे दिवसातून एकदा छोट्या (तासाभराच्या) विश्रांतीत पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट तेवढा मिळतो. रोगच्या ‘स्नीक अटॅक’ला (संधी साधून केलेल्या जादा घावाला) असला हिशेबच नाही: तो प्रत्येक पाळीत वापरता येतो, परंतु त्यासाठी अनुकूल स्थिती तरी हवी किंवा लक्ष्यापासून पाच फुटांच्या आत एखादा सोबती तरी उभा हवा. त्यामुळे एकटाच पुढे सरकणारा रोग (आणि नवखा खेळाडू हमखास तसाच खेळतो) अर्धा निष्प्रभ होतो. पुन्हा झोपायचे की पुढच्या दालनात शिरायचे, यावर टेबलावर होणारा वाद हा खरे तर क्लासमधलाच वाद असतो.

दुर्दैवाने नियमपुस्तिका हा हिशेब कुठेच उलगडून सांगत नाही. विश्रांतीचे नियम एकीकडे, क्लासची वैशिष्ट्ये पात्रांच्या कागदांवर, आणि दोहोंचा संबंध लावण्याचे काम डीएमवर (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) सोडलेले आहे. स्वतःचे पात्र घडवण्याचे नियमही संचात नाहीत. ते मोफत उपलब्ध असलेल्या बेसिक रूल्समध्ये पाहावे लागतात. कागदांच्या मागील बाजूस पाचव्या लेव्हलपर्यंतची वाढ छापली आहे, ही मात्र उत्तम सोय आहे, कारण दुसऱ्या लेव्हलला मिळणारा ‘अ‍ॅक्शन सर्ज’ (एकाच पाळीत जादा कृती) फायटरला आधीच दिसतो आणि ‘मी नुसता मारतच बसणार का’ ही तक्रार थांबते.

चौघांच्या गटासाठी या संचाची शिफारस मी निःसंकोचपणे करेन. तिघेच असतील तर धनुर्धारी फायटर आणि विझार्ड बाजूला ठेवून कुऱ्हाडवाला फायटर, क्लेरिक आणि रोग घ्यावेत: पुढे उभे राहणारे दोघे मिळाल्याने रोगचे काम सोपे होते. विझार्ड ज्याला द्यायचा, तो खेळाडू मात्र हातातला शेवटचा स्लॉट राखून ठेवण्याइतका सबुरीचा असावा.